भाकरीआधीची प्रार्थना कुठून आली

"डोये झाका रे पोट्टेहो," असे म्हणून आजी प्रार्थनेला बसली की आम्हा पोरांचा एक डोळा किलकिला राहायचा. ताटातल्या भाकरीची वाफ कमी होत जाताना आम्ही पाहत असू. आजीची यादी लांब होती: गावातले आजारी, परगावी दिलेली लेक, गाभण म्हैस, कापसाचा भाव, चर्चच्या पाळकसाहेबांचा खोकला. एवढे सगळे देवापुढे मांडून ती "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" इथवर यायची, तोवर भाकर निवून जायची.

यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, अमरावतीकडच्या खेड्यांत ख्रिस्ती घरे असली तर बहुधा अशी दोन-चारच असतात. चर्च तालुक्याच्या गावी. तरी सकाळी उठल्यावर आणि रात्री जेवणाआधी प्रार्थना ठरलेली. हे सारे मिशनरी साहेबांनी लावून दिले, असे गावातले लोक म्हणतात आणि आमच्यातलेही पुष्कळ जण तेच मानतात. ते अर्धेच खरे आहे.

मुळात ही रीत यहूदी घरातली. बायबलमधला दानिएल बाबेलच्या बंदिवासात यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. बायबलातल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात येशूचे शिष्य पेत्र आणि योहान तिसऱ्या प्रहरी, प्रार्थनेच्या वेळी, मंदिराकडे निघालेले दिसतात. पुढे एकदा पेत्र भर दुपारी घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, चढून प्रार्थनेला बसतो आणि तेवढ्यात त्याला भूक लागते. धाब्याचे घर म्हणजे काय हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही, आणि प्रार्थनेत भूक लागणे म्हणजे काय हे आम्हाला तर मुळीच नाही. भाकर हातात घेऊन आधी देवाचे आभार मानायचे, मग ती मोडायची, हाही त्याच घरांतला शिरस्ता. येशूने तेच केले.

प्रार्थना कशी करावी ते शिकवा, असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने जी प्रार्थना सांगितली तिच्यात भाकरीची ओळ आहे. तिथे 'रोजची' या अर्थी जो ग्रीक शब्द आला आहे तो इतर ग्रीक लिखाणात जवळपास सापडतच नाही. त्यामुळे रोजची म्हणावे, उद्याची म्हणावे की पुरेशी म्हणावे, यावर पंडितांचा वाद जुना आहे. मराठीने 'रोजची भाकर' केले. ज्वारी खाणाऱ्या मुलखात याहून नेमका शब्द सापडला नसता, असे मला वाटते. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर लवकरच लिहिल्या गेलेल्या 'दिदाखे' या छोट्या शिकवणवहीत ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असे सांगितले आहे. बुधवारी आणि शुक्रवारी उपास करावा, हेही त्याच वहीत आहे. आज आमच्याकडे शुक्रवारी उपवास-प्रार्थना भरते. तिथे बसणाऱ्या बायांनी या वहीचे नावही ऐकलेले नसेल.

येशूनंतरचा मोठा धर्मप्रचारक पौल याने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना "निरंतर प्रार्थना करा" असे लिहिले आणि मोठीच पंचाईत करून ठेवली. निरंतर म्हणजे किती? इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांनी ते शब्दशः घेतले. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठांसाठी नियम घालून दिले, त्यात दिवसाला प्रार्थनेच्या वेळा वाटून दिल्या आणि बायबलमधली दीडशे स्तोत्रे आठवड्यात पुरी करायची ठरवली. मठाबाहेरच्या माणसासाठी घंटा उरली. सकाळ, दुपार, संध्याकाळ घंटा वाजली की शेतातला माणूस जागच्या जागी थांबून प्रार्थना म्हणे. ती कॅथलिक परंपरा आपल्याकडेही आली. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ मध्ये झाला, अमरावतीचा १९५५ मध्ये.

आजीची प्रार्थना मात्र दुसऱ्या, प्रॉटेस्टंट वाटेने आली, आणि ती वाट स्कॉटलंडमधून जाते. १६४७ मध्ये तिथल्या चर्चच्या महासभेने घरच्या उपासनेसाठी एक नियमावली मंजूर केली. घरातल्या कर्त्याने सगळ्यांना, नोकरमाणसांनाही, एकत्र बसवावे, शास्त्र वाचावे, प्रार्थना करावी. कर्ता चुकारपणा करत असेल तर आधी खासगीत समजावायचे, मग मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलधाऱ्यांनी कानउघाडणी करायची, तरीही ऐकले नाही तर प्रभुभोजनापासून, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीपासून, दूर ठेवायचे. इतकी कडक शिस्त! त्याच देशातल्या फ्री चर्चचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आला. तेव्हा नागपूरवर भोसल्यांचे राज्य होते. हिस्लॉप दगडधोंड्यांचाही मोठा अभ्यासक. टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, बोरीजवळ पुरात बुडून तो गेला. नागपूरच्या कॉलेजामुळे त्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले.

पुढे वऱ्हाडात वेगवेगळी मिशने आली. अकोला-अमरावतीकडे अलायन्स, यवतमाळला फ्री मेथोडिस्ट, बुलडाणा-वाशीमकडे नाझरीन, मेळघाटात कोरकूंमध्ये काम करणारे वेगळेच. त्यांच्या शिकवणुकीतले फरक इथे सांगत बसत नाही. घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना हवी, यावर सगळ्यांचे एकमत होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाड-मध्यप्रांत होरपळून निघाला, तेव्हा मिशनांनी अनाथ मुले सांभाळली. ही मुले घंटेवर उठली, प्रार्थनेला बसली, मग जेवली. मोठी होऊन त्यांनी घरे थाटली, तेव्हा तोच क्रम घरात आला.

तरी ही सवय टिकली ती शिस्तीमुळे, असे मला वाटत नाही. खेड्यात बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन देणारा पाळक कधीतरी बंडीने यायचा; पावसाळ्यात नाले भरले की तेही नाही. प्रार्थनेला मात्र पाळक लागत नाही. ती घरची बाई करू शकते, बारा वर्षांची पोरगी करू शकते. म्हणून खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाचे चर्च बरेचसे त्याच्या ओसरीवरच होते. बायबलबाई दुपारी घरोघर जाऊन वचने पाठ करून घ्यायच्या. शास्त्र वाचायला घरात एकाला तरी अक्षर यायला हवे म्हणून पोरींना शाळेत घातले गेले. माझी आजी वाचायला शिकली ती अशीच, आणि तिच्याआधी घरात कोणाला वाचता येत नव्हते.

या प्रार्थनेला मराठी सूर मिळायला वेळ लागला. आरंभी साहेबी चालींवर बसवलेली गीते होती. म्हणताना जीभ अडखळे. नारायण वामन टिळक नागपुरात राहत होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९१९ मध्ये वारले तोवर त्यांनी शेकडो गीते आणि अभंग लिहून ठेवले होते, आणि टाळ-मृदंगावर ख्रिस्ती भजन म्हणायला कोणाला संकोच उरला नाही. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींचे प्रार्थनेचे मोठे जागरण झाले. सगळ्यांनी एकदम मोठ्याने प्रार्थना करायची, हे तिथे पुष्कळांनी पाहिले. आज आमच्याकडच्या सभांतही तोच गलका असतो. आजीला तो पसंत नव्हता. "देव बहिरा नाही," म्हणायची.

सांजेला गोळा होऊन प्रार्थना करणे विदर्भातल्या गावांना परके कधीच वाटले नाही, हेही सांगायला हवे. मोझरीत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम १९३५ पासूनचा. त्यांची सामुदायिक प्रार्थना गावोगाव पोचली. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले आणि आश्रमात सकाळ-संध्याकाळच्या सर्वधर्म प्रार्थनेत ख्रिस्ती भजनही म्हटले जाई. शेजारच्या घरी सामुदायिक प्रार्थना आणि आमच्या घरी प्रभूची प्रार्थना, दोन्ही साधारण दिवेलागणीलाच. वेळ जुळल्यामुळे कोणी कोणाला आडवे गेले नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अनेक मंडळ्या एक झाल्या. ओसरीवरच्या प्रार्थनेत त्याने काही बदलले नाही. ती बदलते पावसाने. कोरडवाहू वावर असलेल्या घरात मृग कोरडा गेला की भाकरीची ओळ जरा जपून म्हटली जाते. पेरणीआधी बियाण्यावर हात ठेवून प्रार्थना होते. दुबार पेरणीची वेळ आली तर तीही होते, फक्त आवाज उतरलेला असतो.

आता ती विजेच्या वेळापत्रकानेही बदलते. शेतीपंपाची थ्री फेजची लाईन रात्रीची असलेल्या आठवड्यात आमच्याकडे प्रार्थना सहालाच उरकते, जेवणाच्या बरीच आधी, कारण भाऊ आठला बॅटरी आणि काठी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला निघतो. साप-विंचवाचे नाव तेव्हा आवर्जून घेतले जाते. स्तोत्र बहुधा एकशे एकविसावे, डोंगरांकडे दृष्टी लावण्याचे. ते बाबांना पाठ आहे. चष्मा शोधावा लागत नाही.