हजेरीपट आणि अंगातला ताप

‘माझा पाल्य इयत्ता तिसरीत शिकत असून काल रात्रीपासून त्यास ताप असल्यामुळे तो शाळेत येऊ शकत नाही. तरी दोन दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती.’ रेघी वहीचं फाडलेलं पान, चार घड्या आणि धाकट्या भावंडाच्या घामट मुठीतून आलेला अर्ज. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई तो वाचून टेबलाच्या खणात टाकायच्या आणि हजेरीपटात त्या नावापुढे लाल शाईची खूण करायच्या. तापाने फणफणलेल्या पोराची खूण आणि चिंचा पाडायला पळालेल्या पोराची खूण एकच. महिनाअखेर बेरीज व्हायची ती दिवसांची, कारणांची कुणी करत नसे.

पोराला बरं नसेल तर शाळेत धाडायचं की घरी ठेवायचं, हे आज आईबाप सकाळी सात वाजता थर्मामीटर बघून ठरवतात. हा प्रश्न पडणं तसं अलीकडचं आहे. शाळा आणि हजेरी यांचा आपल्याकडचा इतिहास नेमक्या उलट काळजीतून घडला: पोर घरी राहिलंच कसं?

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं अशी मागणी होती. शेतकऱ्याचं पोर शाळेत का टिकत नाही, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. घरात दारिद्र्य, आणि गुरं राखायला, शेताकडे बघायला पोरंच लागतात. म्हणून नुसत्या शाळा उघडून भागणार नाही, शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या शंभर वर्षांत सरकारांनी जे जे केलं, त्याची दोन्ही टोकं या एका निवेदनात सापडतात. एका टोकाला सक्ती, दुसऱ्या टोकाला आमिष.

सक्तीचा पहिला मोठा प्रयोग बडोद्याला झाला. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागातल्या काही गावांत सक्ती सुरू केली आणि १९०६ मध्ये ती संस्थानभर लागू केली. मूल शाळेत आलं नाही तर पालकाला दंड. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदे मंडळात विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. या पडलेल्या विधेयकातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. गैरहजेरीची जी कारणं त्यात माफ होती, त्यांत आजारपण होतंच, पण शेतीच्या हंगामाची गरजही होती. सुगीत पोर वर्गात दिसणार नाही, हे पुण्याच्या प्राध्यापकाने कायद्याच्या मसुद्यात लिहून ठेवलं होतं.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत शिक्षणाचा जाहीरनामा काढला. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना १ रुपया दंड. त्या काळच्या मजुरीत हा रुपया कसा बोचत असेल, याचा अंदाज करावा. आणि वर्ष बघा. अंमलबजावणीचे पहिले महिने सरतात न सरतात तोच १९१८ चा इन्फ्लुएंझा आला. इकडे पोरं गोळा करायचा हुकूम, तिकडे घरोघरी अंथरुणं.

साथीत पोरं घरात ठेवायची रीत मात्र शाळेहून जुनी. गोवर-कांजिण्या निघाल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा. पोराला आतल्या खोलीत पाल्यावर निजवायचं, घरात फोडणी बंद, बाहेरच्याने उंबरा ओलांडायचा नाही. खपल्या धरल्या की कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ, मगच पोर अंगणात. ‘देवी आल्या’ या समजुतीत औषधाला जागा नव्हती आणि त्यापायी पोरं दगावलीही. पण वेगळं ठेवण्याचा हिशेब बराचसा बरोबर होता. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळेत पाठवू नका, असंच डॉक्टर आजही सांगतात. १८९६ पासूनच्या प्लेगात तर अख्खी गावं माळावर झोपड्या घालून राहिली. तिथे कसली हजेरी आणि कसली शाळा!

स्वातंत्र्यानंतर दंडाची भाषा मागे पडली आणि फुल्यांचं दुसरं टोक पुढे आलं. १९९२ पासून महाराष्ट्रात दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजर दिवसामागे १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला, अट ७५ टक्के हजेरीची. १९९५ साली केंद्राची पोषण आहार योजना आली. महिन्याला ३ किलो धान्य, अट ८० टक्के हजेरीची. तांदूळवाटपाच्या दिवशी दप्तरासोबत पिशवी घेऊन आलेली पोरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही टक्केवारी घरात काय चीज होती ते वेगळं सांगायला नको. ८० टक्के म्हणजे पंचवीस दिवसांच्या महिन्यात पाच दिवसांची सवलत. गोवर निघाला तर ती एका झटक्यात संपते. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं आणि शाळेत खिचडी आली. महिन्याची अट गेली, पण जो दिवस घरी त्या दिवसाचं ताट नाही. कणकण असलेलं पोर शाळेत दिसलं की शिक्षक आईबापाला बोल लावतात, तेव्हा हे ताट कुणाला आठवत नाही.

आकड्यांच्या या हव्यासाने काय होतं, ते २०११ च्या पटपडताळणीत दिसलं. ऑक्टोबरमध्ये तीन दिवस राज्यभर एकदम मुलं मोजली गेली, एकाच पोराला दोन शाळांनी दाखवू नये म्हणून बोटाला शाई लावून. पटावर नावं होती, बाकावर पोरं नव्हती. शिक्षकांची पदं आणि अनुदान पटावर ठरतं, तेव्हा लाल खुणा कमी दिसण्यात सगळ्यांचंच हित असतं.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सक्तीचा अर्थच फिरवला. सहा ते चौदा वर्षांचं मूल शाळेत येईल हे पाहणं सरकारचं कर्तव्य ठरलं, बापाच्या खिशातला रुपया सुटला. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे, असंही त्यात आहे. मात्र ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे बीडकडची पोरं दिवाळीनंतर उसाच्या फडावर जातात ती उन्हाळ्यात परततात. त्यांच्यासाठी साखर कारखान्यांजवळ साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली. गोखल्यांच्या मसुद्यातली सुगी अजून पुरती सुटलेली नाही.

मग करोना आला. मार्च २०२० मध्ये बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग राज्यात उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. ‘सर्दी-ताप असेल तर पाठवू नका’ हे वाक्य आता शाळाच स्वतःहून म्हणू लागल्या. पुढच्याच वर्षी मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली. पुरळ उठल्यापासून निदान चार दिवस गोवराचं मूल इतरांत मिसळू नये. गालगुंडाला सूज आल्यापासून पाच दिवस. साधा ताप असेल तर औषधाशिवाय चोवीस तास उतरलेला हवा. सकाळी पॅरासिटामोल पाजून रिक्षात बसवलेलं पोर मधल्या सुट्टीपर्यंत पुन्हा तापतं, हे प्रत्येक बाईंना ठाऊक असतं. उलटी-जुलाब असतील तर प्रश्नच नाही. पण नुसतं शिंकणारं, खेळणारं, जेवणारं पोर घरी ठेवायची गरज नाही. उवा झाल्या म्हणून आठवडाभर कोंडून ठेवायचीही नाही. फणी आणि औषध पुरे.

आणि गॅदरिंगमध्ये ‘शंभर टक्के उपस्थिती’चं बक्षीस देणं शाळांनी बंद करावं, असं मला फार दिवस वाटतं. ते मिळवायला माझ्या वर्गातला एक मुलगा गालगुंडाने सुजलेल्या तोंडाला मफलर बांधून आला होता. त्याला स्टीलचा डबा मिळाला. उरलेल्या आम्हा सात-आठ जणांना गालगुंड.

आता अर्ज व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. ‘बाई, ओवीला रात्रीपासून ताप, आज येणार नाही.’ बाई अंगठा पाठवतात, ‘काळजी घ्या’ म्हणतात आणि हजेरी भरायला लागतात. तिथे रकाने अजून दोनच आहेत.