हार्ड डिस्कची वाटणी : ड्युअल बूटमागची चार दशके

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित मदत थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपुढचे प्रोसेसर लागतात. त्यामुळे धडधाकट चालणारे अनेक लॅपटॉप यादीबाहेर राहिले, आणि 'विंडोज राहू दे, शेजारी लिनक्स टाकू' हा विचार, म्हणजे एकाच मशीनवर दोन कार्यप्रणाली ठेवण्याचे ड्युअल बूट, पुन्हा जोरात सुरू झाला. तो अमलात आणताना ठरलेल्या अडचणी येतात. लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. विंडोजच्या अपडेटनंतर ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरचा, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू नाहीसा होतो. घड्याळ साडेपाच तास मागे पडते. विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारा बिटलॉकर अचानक ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. यातल्या बहुतेक अडचणींचा माग काढत गेले, की आपण १९८३ पासून घेतल्या गेलेल्या मोजक्या निर्णयांपाशी पोचतो. डिस्कची जागा कशी वाटायची हे पीसीवर अगदी सुरुवातीलाच ठरले होते. मशीन चालू होताच पहिली पाळी कोणाची, हे मात्र फार काळ कोणीच ठरवले नाही.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी आणला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि सोबत डॉस २.० व त्यातला एफडिस्क हा डिस्क वाटण्याचा प्रोग्रॅम. हार्ड डिस्क महाग होती. त्याच मशीनवर कोणाला सीपी/एम-८६ किंवा यूनिक्सच्या वळणाची प्रणालीही चालवायची असेल, हे गृहीत धरून डिस्कचे चार भाग करण्याची सोय ठेवली गेली. म्हणजे पार्टिशन ही कल्पना पीसीवर आली तीच मुळी एकाहून अधिक प्रणालींसाठी. सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडून फाइली वेगळ्या ठेवण्याची आपली सवय नंतरची.

या वाटणीची नोंद डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे एमबीआरमध्ये (मास्टर बूट रेकॉर्ड) ठेवली गेली. सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले पहिले ४४६ बाइट बूट कोडसाठी, पुढचे ६४ बाइट पार्टिशन टेबलसाठी आणि शेवटचे २ बाइट ५५ एए या खुणेसाठी. टेबलात १६ बाइटच्या चार नोंदी. प्रत्येकीत 'सक्रिय' असल्याची खूण, प्रकाराचा आकडा, सुरुवात आणि लांबी. पार्टिशन टेबल हा डिस्कचा सातबारा म्हणता येईल: जमीन त्यात नसते, कोणाची किती आणि कुठून कुठपर्यंत एवढेच असते. म्हणून चुकून पार्टिशन डिलीट झाले तरी आतला डेटा लगेच जात नाही, फक्त नोंद जाते. अशा वेळी त्या डिस्कवर काहीही न लिहिता टेस्टडिस्कसारख्या साधनाने पार्टिशनच्या हद्दी पुन्हा शोधता येतात. डिलीटनंतर घाईने फॉरमॅट मारला, तर मात्र काम अवघड होते.

चार नोंदी असल्या तरी बूट कोडची जागा एकच होती. तो कोड सक्रिय खूण असलेले पार्टिशन शोधायचा, त्याचा पहिला सेक्टर मेमरीत आणायचा आणि सूत्रे त्याच्या हाती द्यायचा. प्रणाली बदलायची तर एफडिस्कमध्ये जाऊन सक्रिय पार्टिशन बदलायचे आणि मशीन पुन्हा सुरू करायचे. मेनू दाखवण्याइतकी बुद्धी ४४६ बाइटमध्ये बसवणे जिकिरीचे होते. शिवाय जी प्रणाली शेवटी टाकली जाई, ती हे ४४६ बाइट स्वतःचेच समजून लिहून टाकी. 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा नियम यातून आला.

आकड्यांच्या मर्यादाही एकामागून एक आड आल्या. डॉसला पार्टिशन ३२ एमबीच्या पुढे नेता येत नव्हते. डॉस ३.३ ने १९८७ मध्ये एक्स्टेंडेड पार्टिशन आणले, म्हणजे चारपैकी एका नोंदीत अनेक लॉजिकल ड्राइव्हची साखळी. बायॉस, म्हणजे मशीन सुरू होताच चालणारे मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर, डिस्कचा पत्ता सिलिंडर, हेड आणि सेक्टर असा मोजी, आणि सिलिंडरसाठी १० बिट म्हणजे १०२४ एवढीच मजल होती. बायॉस आणि डिस्क जोडण्याची आयडीई पद्धत या दोघांच्या मर्यादा एकत्र आल्या की हिशोब १०२४ × १६ × ६३ × ५१२, म्हणजे सुमारे ५२८ एमबीवर थांबे. हेडचे आकडे फिरवून तो ८.४ जीबीपर्यंत ताणला गेला. पार्टिशन टेबलात सेक्टरची सुरुवात आणि संख्या यांसाठी ठेवलेले चार-चार बाइट २.२ टीबीपर्यंत पुरले. १९८३ साली १० एमबीच्या डिस्कसाठी आखलेली रचना तिथवर टिकली, याबद्दल तिच्या कर्त्यांना मनापासून दाद द्यायला हवी.

१९९० च्या दशकात मेनूचा प्रश्न तीन वाटांनी सोडवला गेला. आयबीएमच्या ओएस/२ २.० ने १९९२ मध्ये बूट मॅनेजरला स्वतःचे छोटे पार्टिशनच दिले, आणि ही वाट सर्वांत स्वच्छ होती. १९९३ च्या विंडोज एनटीने डॉसचा जुना बूट सेक्टर एका फाइलमध्ये जपून ठेवला आणि मेनू बूट डॉट आयएनआय या साध्या मजकूर फाइलीत आणला. जाणकार मंडळी लिनक्सच्या पार्टिशनचे पहिले ५१२ बाइट काढून तशीच फाइल बनवत आणि मेनूत एक ओळ वाढवत.

तिसरी वाट लिनक्सची. लिनक्स जन्मला तोच वाटणीच्या डिस्कवर. लिनस टॉरवाल्ड्स १९९१ मध्ये मिनिक्स या यूनिक्ससारख्या प्रणालीच्या आधाराने काम करत होता. मोडेमला पाठवायची डायलिंगची आज्ञा चुकून हार्ड डिस्कच्या नावावर गेली, मिनिक्सचे पार्टिशन खराब झाले, आणि त्यानंतर तो पूर्णपणे लिनक्सवर आला. वेर्नर आल्मेसबर्गरच्या लिलोने लिनक्सला बूट मेनू दिला. लिलोला फाइल सिस्टिम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) वाचता येत नसे. लिनक्सचा गाभा असलेला कर्नल डिस्कवर कुठल्या ब्लॉकमध्ये आहे, याचे पत्ते तो टिपून ठेवी. कर्नल बदलून लिलो पुन्हा चालवायला विसरले, की ते पत्ते खोटे पडत. पडद्यावर एकेक अक्षर उमटे, आणि ते 'एलआय'पाशी अडकले तर दुसरा टप्पा चालू होऊ शकला नाही असा अर्थ. कर्नल १०२४ व्या सिलिंडरच्या अलीकडेच असावा लागे, म्हणून डिस्कच्या सुरुवातीला छोटे बूट पार्टिशन काढण्याचा सल्ला रूढ झाला. ते कारण केव्हाच संपले, तरी सल्ला अजून कॉपी होत राहतो.

एरिक बोलिनने १९९५ मध्ये लिहिलेल्या ग्रबने फाइल सिस्टिम वाचण्याची क्षमता आणली, त्यामुळे पत्ते टिपण्याची गरज संपली. ४४६ बाइटमध्ये तो मावत नव्हताच. जुन्या पद्धतीत पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरवर सुरू होई आणि एमबीआरनंतरचे ६२ सेक्टर, म्हणजे ३१ केबी, रिकामे राहत. ग्रबने आपला मधला भाग तिथे बसवला. ही जागा कोणाचीच नव्हती. त्यामुळे विंडोजमधल्या काही सॉफ्टवेअरच्या परवाना-तपासणीनेही तिथेच खुणा लिहिल्या आणि ग्रब मोडला. दुसरी नेहमीची चूक म्हणजे लिनक्स नकोसे झाले म्हणून विंडोजमधून त्याचे पार्टिशन उडवणे. एमबीआरमधला ग्रबचा तुकडा शिल्लक राहतो, त्याला लागणाऱ्या फाइली पार्टिशनबरोबर गेलेल्या असतात, आणि मशीन 'ग्रब रेस्क्यू'वर येऊन थांबते. आधी विंडोजचा बूट कोड परत लिहायचा आणि मगच लिनक्स काढायचे, हा क्रम पाळला तर हे होत नाही.

जागा मोकळी करणे हा वेगळाच इतिहास आहे. सुरुवातीला भरलेले पार्टिशन लहान करता येत नसे. सगळे पुसून पुन्हा पाडावे लागे. आर्नो शेफरच्या फिप्सने फॅट (डॉस-विंडोजची जुनी फाइल सिस्टिम) पार्टिशन शेवटाकडून कापण्याची सोय केली, पण आधी डीफ्रॅग करून डेटा पुढे सरकवणे सक्तीचे होते. पॉवरक्वेस्टच्या पार्टिशन मॅजिकने हेच काम माउसवर आणले. आपल्याकडे तेव्हा पीसीक्वेस्टसारख्या मासिकांसोबत येणाऱ्या सीडी हाच लिनक्सचा मुख्य मार्ग होता. नंतर २०११ पर्यंत उबुंटूच्या सीडी पोस्टाने मोफत येत. मधल्या काळात विंडोजची पुढची फाइल सिस्टिम एनटीएफएस लहान करणारी मुक्त साधनेही तयार झाली, आणि इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या लाइव्ह सीडीतूनच विंडोजचे पार्टिशन आवळता येऊ लागले.

विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये ही सोय थेट डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिली. विंडोजचा सी ड्राइव्ह लहान करायचा तर आजही तीच वापरावी. पुष्कळदा २०० जीबी मोकळे दिसत असताना विंडोज १५-२० जीबीच सोडायला तयार होते. कारण मध्येच पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंट किंवा एमएफटीचा (फाइलींच्या यादीचा) तुकडा बसलेला असतो, आणि विंडोज चालू असताना तो हलत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन लॉगमधली २५९ क्रमांकाची नोंद पाहिली, की नेमकी कोणती फाइल आडवी आली ते कळते. हायबरनेशन आणि पेजफाइल तात्पुरती बंद करायची, रिस्टोअर पॉइंट पुसायचे, रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न करायचा. उबुंटूसाठी २५ जीबी ही किमान पातळी आहे, रोजच्या कामाला ६० ते १०० जीबी धरावे. स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडली की वापरायच्या जागेसाठी) वेगळे पार्टिशन आता लागत नाही, फाइल पुरते. व्हिस्टानेच पहिले पार्टिशन २०४८ व्या सेक्टरवर, म्हणजे १ एमबीवर, सुरू करण्याची पद्धत पाडली. पुढे आलेल्या ४ केबी सेक्टरच्या डिस्क आणि एसएसडी यांना ही मांडणी मानवली, आणि ग्रबची अडचणही कमी झाली.

पहिल्या पाळीच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळाले ते इंटेलच्या ईएफआय या बायॉसच्या जागी आलेल्या फर्मवेअरमुळे. इटॅनियम सर्व्हरसाठी १९९० च्या दशकाअखेर सुरू झालेले हे काम २००५ मध्ये यूईएफआय फोरमकडे गेले. सोबत जीपीटी हे नवे पार्टिशन टेबल आले: चारऐवजी १२८ नोंदी, चेकसमसह, आणि टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. जुन्या साधनांनी डिस्क रिकामी समजू नये म्हणून पहिल्या सेक्टरमध्ये ईई प्रकाराची एक संरक्षक नोंद असते. मुख्य बदल म्हणजे ईएसपी हे बूटलोडर ठेवायचे फॅट३२ चे छोटे पार्टिशन. तिथे मायक्रोसॉफ्टचे फोल्डर वेगळे, उबुंटूचे वेगळे, आणि कोणाला आधी हाक मारायची ती यादी मदरबोर्डच्या मेमरीत. विंडोजने आता लिनक्सचा बूटलोडर पुसायचे कारण उरले नाही. अपडेटनंतर मेनू गायब झाला, तर बहुधा यादीतला क्रम बदललेला असतो. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो पुन्हा वर आणला की काम होते.

अर्थात दोन्ही प्रणाली एकाच पद्धतीने टाकलेल्या हव्यात. विंडोज यूईएफआयमध्ये आणि लिनक्सची पेनड्राइव्ह लेगसी (जुन्या बायॉसच्या) मोडमध्ये सुरू केली, तर ग्रबला विंडोज चालू करता येत नाही. विंडोज साधारण १०० एमबीचा ईएसपी बनवते. उबुंटूला तो पुरतो, कारण त्याचे कर्नल बाहेर असतात. पॉप ओएससारखी वितरणे (लिनक्सचे तयार संच) कर्नलही ईएसपीतच ठेवतात, तिथे मोठा ईएसपी लागतो. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या प्रणाली शोधणे मुळात बंद असते. मेनूत विंडोज दिसत नसेल तर ते शोधणे आधी सुरू करून मेनू नव्याने बनवावा. आणि इन्स्टॉलरला डिस्क दिसत नसेल तर बहुधा फर्मवेअरमध्ये इंटेल आरएसटी हे डिस्क हाताळण्याचे सेटिंग चालू असते. ते थेट एएचसीआय या साध्या पद्धतीवर नेले तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकते. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचे, मग फर्मवेअर बदलायचे, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन यायचे आणि ती सूचना काढायची.

साडेपाच तासांचे कोडे याहून जुने. डॉसच्या काळापासून विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, तर यूनिक्सच्या परंपरेतले लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. लिनक्सने लिहिलेली वेळ विंडोज भारतीय वेळ म्हणून वाचते आणि घड्याळ मागे पडते. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगणे हा भारतात सोपा उपाय. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांनी विंडोजलाच यूटीसी वापरायला लावावे, नाहीतर उन्हाळी वेळ बदलताना दोन्ही प्रणाली एकेक तास सरकवतात.

ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आले आणि तंटा जागेवरून विश्वासावर गेला. फास्ट स्टार्टअपमुळे 'शट डाउन' केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो. त्या अवस्थेत लिनक्समधून सी ड्राइव्हवर लिहिले तर फाइली बिघडू शकतात, म्हणून लिनक्स तो केवळ वाचण्यापुरता उघडते. फास्ट स्टार्टअप बंदच ठेवावे. बिटलॉकर बूटची साखळी बदललेली दिसताच रिकव्हरी की मागतो. त्यामुळे पार्टिशनला हात लावण्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घेणे आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवणे, यात कसूर करू नये.

सिक्युअर बूटमध्ये फर्मवेअर सही असलेलाच बूटलोडर चालवते, आणि बाजारातल्या मशीनमध्ये चावी असते मायक्रोसॉफ्टची. लिनक्सवाल्यांनी शिम हा छोटा बूटलोडर काढला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही, त्याच्या पोटात वितरणाची चावी, ती ग्रबला तपासते आणि ग्रब कर्नलला. २०२० मध्ये ग्रबमध्ये बूटहोल ही त्रुटी सापडली. त्यानंतर जुन्या आवृत्त्या अडवण्यासाठी एसबॅट ही पिढी-क्रमांकांची व्यवस्था आली. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने तो किमान क्रमांक वाढवला. ड्युअल बूटची मशीन त्यातून वगळायची होती, पण ती सगळी ओळखली गेली नाहीत आणि जुने शिम असलेली लिनक्स सुरू होईनात. सिक्युअर बूट बंद करणे, लिनक्समध्ये जाऊन एसबॅटचे ते धोरण पुसणे, वितरण अद्ययावत करणे आणि सिक्युअर बूट परत चालू करणे हा त्यावरचा उतारा होता.

शिमवर सही करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या प्रमाणपत्राची मुदत जून २०२६ पर्यंतची. फर्मवेअर सही तपासताना मुदत बघत नाही, म्हणून आधीची शिम चालत राहतात. पण फक्त २०२३ च्या प्रमाणपत्राने सही केलेली नवी शिम, ते प्रमाणपत्र नसलेल्या मशीनवर सुरू होणार नाहीत. जुना लॅपटॉप वाटणीला घेण्यापूर्वी विंडोजची प्रलंबित अपडेट पूर्ण करावीत, उत्पादकाचे फर्मवेअर अपडेट टाकावे, आणि लिनक्स टाकल्यावर एफडब्ल्यूयूपीडी या लिनक्सच्या फर्मवेअर-अपडेट साधनातून सिक्युअर बूटच्या डेटाबेसचे अपडेट उपलब्ध आहे का ते तपासावे.