प्लेलिस्ट वेगळी, क्यू वेगळा

‘प्लेलिस्टमधून गाणं काढलं तरी ते वाजलंच, प्लेअर बिघडलाय.’ ही तक्रार इतक्या वेळा ऐकली आहे की आता एकदा नीट लिहूनच टाकते. प्लेअर धडधाकट आहे. गाणं तुम्ही एका यादीतून काढलंत आणि वाजत होती दुसरीच यादी.

प्लेलिस्ट सगळ्यांना ठाऊक असते: नाव दिलेली, साठवून ठेवलेली यादी. तुमच्याकडे एखादी एम३यू फाइल, म्हणजे साठवलेल्या प्लेलिस्टची फाइल, असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. दर गाण्यामागे त्याच्या फाइलचा पत्ता, बाकी जवळजवळ काही नाही. म्हणूनच यादीतून नाव काढलं तरी गाण्याची फाइल जागेवर राहते.

क्यू म्हणजे आत्ताच्या गाण्यामागे उभी असलेली रांग. तिला नाव नसतं, आणि ती पुढच्या वेळी तशीच मिळेल याची खात्रीही नसते.

घोटाळा होतो तो इथे. प्लेलिस्टवर जाऊन प्ले दाबलं की बरेच प्लेअर त्या यादीची नक्कल क्यूमध्ये उतरवून घेतात आणि तिथून पुढे नक्कलच वाजवतात. मग तुम्ही मूळ यादीत कितीही फेरफार करा, चालू रांगेला त्याचा पत्ता नसतो. एमपीडी नावाचा प्लेअर वापरणाऱ्यांना हे लवकर कळतं, कारण तिथे हे काम हातानेच करावं लागतं. ४० गाण्यांची प्लेलिस्ट ‘लोड’ केली की क्यूमध्ये ४० गाणी येतात. ‘क्लिअर’ न करता तीच पुन्हा लोड केली तर ८० होतात, प्रत्येक गाणं दोनदा. प्लेलिस्ट मात्र ४०चीच राहते. आणि क्यूमध्ये लावलेला क्रम आवडला, तर ‘सेव्ह’ करून त्याला नाव द्यावं लागतं, तेव्हा कुठे त्याची प्लेलिस्ट होते. मला हीच पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते.

फूबार२००० या प्लेअरचं वेगळं आहे. तिथे प्लेलिस्ट थेट वाजते आणि क्यू म्हणजे मध्ये घुसवलेल्या चार गाण्यांची छोटी रांग. तिथे यादीतून काढलेलं गाणं खरंच वगळलं जातं.

नावांनी गोंधळ आणखी वाढवला. १९९७ साली आलेल्या विनअँप या प्लेअरमध्ये ‘प्लेलिस्ट’ या नावाची जी खिडकी होती, ती कामाने चालू रांगच होती. व्हीएलसीमध्येही कंट्रोल आणि एल दाबून उघडते ती यादी प्लेलिस्ट म्हणवते, पण ती टिकवायची तर कंट्रोल आणि वाय दाबून फाइलमध्ये साठवावी लागते. एका प्लेअरमध्ये मी अख्खी संध्याकाळ बसून साठेक गाणी क्रमाने लावली होती. खिडकी बंद केली आणि सगळं गेलं. जाताना एका शब्दाने विचारलं नाही. न साठवलेली यादी बंद करताना न विचारणं हा मला आजही अक्षम्य दोष वाटतो.

शॉर्टकटमध्ये फार अवघड काही नाही. बऱ्याच प्लेअरमध्ये स्पेसने थांबतं-चालू होतं, फक्त कर्सर शोधपट्टीत नसावा. व्हीएलसीत एन पुढचं, पी मागचं. विनअँपच्या झेड, एक्स, सी, व्ही, बी या एका ओळीतल्या पाच कळा मला अजूनही सगळ्यात सोयीच्या वाटतात: मागचं, प्ले, पॉज, स्टॉप, पुढचं. न बघता बोटं पोचतात.

जपायचं ते डिलीटला. कळ तीच, पण निवड क्यूमध्ये असेल तर गाणं आजच्या बैठकीपुरतं जातं, प्लेलिस्टमध्ये असेल तर त्या यादीतून कायमचं. दाबण्याआधी कोणत्या यादीतली ओळ उजळली आहे ते बघा.

आणि ‘प्ले नेक्स्ट’ म्हणजे ‘अ‍ॅड टू क्यू’ नव्हे. पहिल्याने गाणं रांगेच्या तोंडाशी जातं, दुसऱ्याने सहसा शेपटाला. काही प्लेअरमध्ये तीन गाण्यांवर एकामागून एक प्ले नेक्स्ट दाबलं की तिसरं सगळ्यात आधी वाजतं, कारण प्रत्येक नवं गाणं आधीच्याच्या पुढे जाऊन उभं राहतं. अशा वेळी शेवटचं गाणं आधी निवडा आणि उलट्या क्रमाने या.