ग्रेड ३ म्हणजे थर्ड स्टेज नव्हे

स्तनाच्या कॅन्सरचा रिपोर्ट हातात पडला की नजर आधी आकड्यांवर जाते. त्यात 'ग्रेड ३' दिसलं की घरात रडारड सुरू, कारण सगळ्यांनी ते 'थर्ड स्टेज' असंच वाचलेलं असतं.

स्टेज सांगते आजार कुठवर पोचला: गाठ केवढी, काखेतल्या लसिकाग्रंथींत शिरला का, दूरच्या अवयवांत गेला का. ग्रेड सांगते पेशी किती बिघडल्या. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टी बघतात: पेशी अजून नळ्यांसारखी रचना करतात का, त्यांची केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत, आणि विभाजन चाललेल्या पेशी किती. प्रत्येकीला १ ते ३ गुण. बेरीज ५ पर्यंत असली तर ग्रेड १, ६-७ ला ग्रेड २, ८-९ ला ग्रेड ३. म्हणून दीड सेंटिमीटरची, काखेत न पोचलेली गाठ ग्रेड ३ असूनही पहिल्या स्टेजची असू शकते. काखेचा आकडा '०/१४' असा लिहितात: १४ ग्रंथी तपासल्या, एकीतही कॅन्सर नाही. इथे शून्यच हवा!

खरा चकवा 'पॉझिटिव्ह' या शब्दाचा. काढलेल्या भागाला बाहेरून शाई लावतात. कॅन्सरच्या पेशी शाईला टेकल्या तर कडा पॉझिटिव्ह, आणि बहुधा पुन्हा ऑपरेशन. पण ईआर (पेशीवरचा इस्ट्रोजेन या हार्मोनचा रिसेप्टर) पॉझिटिव्ह ही बरीचशी दिलासा देणारी बातमी: पेशी इस्ट्रोजेनवर वाढतात, म्हणजे टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या गोळ्या लागू पडण्याची शक्यता चांगली. फक्त या गोळ्या किमान ५ वर्षं घ्याव्या लागतात, कारण हा प्रकार दहा वर्षांनीही डोकं वर काढू शकतो. हर-टू, म्हणजे पेशींना वाढायला लावणारं एक प्रथिन, त्याचं तिसरंच. ० किंवा १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह, २+ आलं तर फिश ही हर-टूचं जनुक मोजणारी तपासणी होईपर्यंत थांबायचं. एकेकाळी हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे वाईटच समजत. १९९८ मध्ये अमेरिकेत हर-टूवरच नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या इंजेक्शनला मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचा रिसेप्टर) आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह असतील तर या गोळ्या आणि हे इंजेक्शन उपयोगी नाहीत, भर मुख्यतः केमोवर. पण त्यात आजार उलटण्याचा धोका पहिल्या काही वर्षांतच जास्त. पुढे तो बराच ओसरतो.

सुईच्या बायोप्सीवरून मात्र पूर्ण भविष्य विचारू नका. गाठीचा नेमका आकार आणि ग्रंथींचा हिशेब ऑपरेशननंतरच लागतो.

आणखी एक. रिपोर्टच्या झेरॉक्स सगळे जपतात, गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक लॅबमध्येच पडून राहतात. परळला टाटात किंवा आणखी कुठे दुसरं मत घ्यायला निघालात तर ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. तिथले पॅथॉलॉजिस्ट कागद नाही, पेशी बघतात.