दंतरचना व विकरे : मराठी परिभाषा

दातांची रचना आणि विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी एंझाइम नावाची प्रथिने, यांसाठी मराठीत रुळलेल्या संज्ञा. दोन्हींची घडण वेगळी आहे. दातांची नावे बोलीतून शास्त्रात गेली; विकरांची नावे शास्त्रातून मराठीत आणावी लागली.

प्रौढ माणसाच्या ३२ दातांत ८ पटाशीचे दात, ४ सुळे, ८ उपदाढा आणि १२ दाढा असतात. अक्कलदाढा या बारांतल्याच. दुधाचे दात २०, त्यांत उपदाढा नसतात. पटाशी हे सुताराचे हत्यार. घासाचा तुकडा पाडणाऱ्या समोरच्या दाताला याहून नेमके नाव कुठल्याही समितीला सुचले नसते.

सांगलीत आणि कराडलगतच्या मलकापुरात दंतमहाविद्यालये आहेत. तिथे शिकवणे इंग्रजीतून चालते, पण पेशंट ‘दाढ ठणकतिया’, ‘नस काढावी लागंल व्हय?’ असेच विचारतो. त्याची ‘नस’ म्हणजे दंतमज्जा, दाताच्या आतला मऊ गाभा. तिच्यात चेतातंतूंसोबत रक्तवाहिन्या आणि मऊ ऊतकही असते, आणि रूट कॅनॉलमध्ये हे सगळेच काढतात. ‘कीड’ हा शब्द जास्त फसवा आहे. दातात किडा नसतो. जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि सामू (पीएच) सुमारे ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणातली, खनिजे विरघळू लागतात. उसातली साखर म्हणजे सुक्रोज. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हे जिवाणू आपल्या विकराने तिचे चिकट ग्लुकन बनवतात आणि त्याच्या आधाराने दाताला धरून राहतात.

इनॅमलला दंतवल्क म्हणतात. वल्क म्हणजे झाडाची साल. उपमा चांगली, पण अर्धीच लागू पडते : साल भरून येते, दंतवल्क येत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नष्ट होतात. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो, आणि हा कठीणपणा येतो विकरांमुळे. आधी मुख्यतः अमेलोजेनिन या प्रथिनाचा साचा तयार होतो. एनॅमेलायसिन आणि कॅलिक्राइन-४ ही विकरे तो साचा तोडत जातात आणि मोकळ्या झालेल्या जागेत हायड्रॉक्सीॲपेटाइट या खनिजाचे स्फटिक जाड होतात. दंतरचना आणि जीवरसायन वेगवेगळे शिकवले, तरी दाताच्या जन्मातच ते असे एकत्र येतात.

‘एंझाइम’ हा शब्द जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी १८७८ मध्ये ‘यीस्टमध्ये’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून घडवला. मराठीत त्याला ‘वितंचक’ हा पर्याय होता. संस्कृतात आतंचन म्हणजे दूध विरजणे. विरजणाचा हा धागा सुंदर होता, पण शालेय पुस्तकांत ‘विकर’ रुजला. अशी परिभाषा घडवण्याच्या कामाशी सातारा जिल्ह्याचे जवळचे नाते आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईत चालले आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला.

एकेका विकराचे नाव मात्र बहुधा भाषांतरित होत नाही. शेवटचा ‘एझ’ प्रत्यय विकराची ओळख देतो आणि आधीचा भाग बहुतेकदा ते कशावर काम करते हे सांगतो. अमायलेझ स्टार्चवर, लायपेझ मेदावर. लाळेतले अमायलेझ स्टार्चची माल्टोज ही साखर करते, म्हणून ज्वारीच्या भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो.