बाहेरून दिसणारा, घरातून न दिसणारा कॅमेरा

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांची तक्रार ऐकून मला आधी हसूच आलं. मंडईत भाजी घेताना मोबाइलवर गेटचा कॅमेरा लख्ख दिसतो. सोसायटीच्या ऑफिसात येऊन तिथलं वायफाय जोडलं की दिसेनासा होतो. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, काकांच्या खुर्चीमागच्या कपाटात. "वायर खराब असणार," म्हणून त्यांनी दोनदा वायर बदलूनही घेतली होती.

वायर ठणठणीत होती. घोळ होता राउटरमधल्या पत्ते बदलण्याच्या नियमात. पत्ते म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणारे आकडी आयपी पत्ते. नेटवर्कवाले त्याला नॅट म्हणतात.

कंपनीतला टेलिफोन बोर्ड आठवा. बाहेर एकच नंबर, आत पन्नास एक्स्टेन्शन. आतला कोणीही फोन लावला तरी पलीकडच्याला बोर्डाचाच नंबर दिसतो. ही तुलना माझी नाही. १९९४ साली पत्ते बदलणारं पिक्स नावाचं यंत्र बाजारात आलं, ते याच बोर्डाच्या धर्तीवर बेतलेलं होतं आणि नावही बोर्डाच्या 'पीबीएक्स' या नावाच्या चालीवर ठेवलेलं होतं. पुढच्याच वर्षी नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्कोने पिक्सची मूळ कंपनी विकत घेतली.

गरज पडली ती पत्ते संपत चालल्यामुळे. इंटरनेटचा जुना पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी नॅटचा प्रस्ताव मांडला, तोही तात्पुरता उपाय म्हणून. आपल्याकडे तात्पुरत्या शेडचं काय होतं ते सांगायला नको! खासगी वापरासाठी काही पत्ते राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे त्यांतलेच, ६५,५३६. तुमच्या घरात आणि माझ्या घरात तोच पत्ता सुखाने नांदू शकतो, कारण तो उंबऱ्याबाहेर पडतच नाही.

उंबऱ्यावर काय होतं ते पाहू. काकांचा फोन १९२.१६८.१.२०. त्यावरून एखादी वेबसाइट उघडली की पॅकेट, म्हणजे माहितीचं छोटं पाकीट, राउटरपाशी येतं, पाठवणाऱ्याच्या जागी हा पत्ता आणि पोर्ट (यंत्रातल्या दाराचा क्रमांक म्हणा) ५१५१२ घेऊन. राउटर तो पत्ता खोडून स्वतःचा सार्वजनिक पत्ता घालतो, समजा २०३.०.११३.७. (हा पत्ता कोणाचाच नाही, पुस्तकी उदाहरणांसाठीच तो राखून ठेवलाय.) त्याच वेळी कोणासाठी काय बदललं याची नोंद तो आपल्या वहीत करतो. उत्तर आलं की वही बघायची, उलटी अदलाबदल करायची, पॅकेट फोनकडे रवाना. नोंद कायमची नसते. अनेक राउटर ज्यावर चालतात त्या लिनक्समध्ये एकाच बाजूने गेलेल्या यूडीपी पॅकेटची (आधी कनेक्शन न जोडता पाठवलेल्या) नोंद सहसा ३० सेकंदांत पुसली जाते. टीसीपीत आधी दोन्ही बाजू कनेक्शन जोडतात; ते गप्प राहिलं तरी, सेटिंग बदललं नसेल तर, त्याची नोंद पाच दिवस ठेवली जाते.

बाहेरून आपणहून आलेल्या पॅकेटची वहीत नोंदच नसते, म्हणून ते आत शिरत नाही. यावरून नॅट म्हणजेच फायरवॉल, म्हणजे नको ते पॅकेट अडवणारा पहारेकरी, असं लोक धरून चालतात. मला ही समजूत धोक्याची वाटते. अडवायचं काम फायरवॉलमधल्या गाळणीच्या नियमांचं, कोणतं पॅकेट सोडायचं ते ठरवणाऱ्या; नॅट फक्त पत्ते बदलतं, आणि कोणाकडे द्यायचं ते माहीत नसल्यामुळे पॅकेट आत जात नाही एवढंच. सरकारी कचेरीत कागद सापडत नाही, त्याला गोपनीयता म्हणत नाहीत.

डीव्हीआर बाहेरून दिसायला हवा तर नियम आधीच लिहून ठेवावा लागतो: २०३.०.११३.७ च्या ८००० पोर्टवर जे येईल ते १९२.१६८.१.५० कडे पाठव. हेच पोर्ट फॉरवर्डिंग. नवखे इथे हमखास अडखळतात. लिनक्सवर चालणाऱ्या फायरवॉलमध्ये पोहोचण्याचा पत्ता आधी बदलतो आणि गाळणी नंतर लागते. तेव्हा परवानगीच्या नियमात आतला, ५० चाच पत्ता लिहावा लागतो. तिथे सार्वजनिक पत्ता लिहिला तर नियम दिसायला अगदी बरोबर आणि कामाला शून्य. सिस्कोच्या जुन्या फायरवॉलमध्ये मात्र बाहेरचाच पत्ता लिहायचा, ८.३ आवृत्तीपासून त्यांनीही आतला पत्ता घेतला, आणि दोन्ही आवृत्त्या हाताळणाऱ्यांची चांगलीच तारांबळ उडाली.

आता काकांकडे येऊ. मंडईतून सगळं सुरळीत. ऑफिसातून मात्र फोनने त्याच सार्वजनिक पत्त्याला हाक मारली. राउटरने नियमाप्रमाणे ती ५० कडे वळवली, पण पाठवणारा तसाच ठेवला: १९२.१६८.१.२०. डीव्हीआरने पाहिलं, अरे, हा तर आपल्याच वाड्यातला! त्याने उत्तर थेट फोनला दिलं, राउटरला वगळून. फोनने हाक मारली होती २०३.०.११३.७ ला आणि ओ दिली १९२.१६८.१.५० ने. अनोळखी म्हणून फोनने ते उत्तर झिडकारलं. पडदा काळा.

उपाय एका ओळीचा. आतून येऊन परत आतच वळणाऱ्या पॅकेटचा पाठवणाराही बदलायचा आणि तिथे राउटरचा आतला पत्ता घालायचा. मग डीव्हीआर उत्तर राउटरला देतो, राउटर वही बघून फोनला. घाटातल्या हेअरपिन वळणासारखा हा प्रवास, म्हणून नावही हेअरपिन नॅट. नियम टाकला, काकांनी फोन हलवून पाहिला, आणि गेटवरचा वॉचमन डबा खाताना दिसला.

वर्षभराने सोसायटीने स्वस्तातलं इंटरनेट घेतलं आणि कॅमेरा आता बाहेरूनही दिसेना. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघितला: १००.७२ ने सुरू होणारा. बघताक्षणी कळलं. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या नॅटसाठी राखून ठेवलाय. म्हणजे आमच्या राउटरच्या वर कंपनीचा आणखी एक बोर्ड, आणि त्याची वही आमच्या हातात नाही. खाली कितीही पोर्ट उघडा, वरून कोणी पाठवणारच नाही. पत्त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला, त्याचे हे भोग. १२८ बिटांच्या नव्या पत्त्यात ही ओढाताण उरत नाही, पण आमचा डीव्हीआर जुन्या पिढीतला.

शेवटी दरमहा वेगळे पैसे भरून सार्वजनिक पत्ता घ्यायचं ठरलं. त्यासाठी कमिटीची मीटिंग दीड तास चालली. त्याच संधीत मी ८००० चा नियम काढून टाकला. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमने कारखान्याचे पासवर्ड न बदललेले असेच कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंनी ताब्यात घेतले होते, आणि आमच्या डीव्हीआरचा पासवर्ड काय होता ते इथे लिहायची लाज वाटते. आता राउटरवर व्हीपीएन आहे, म्हणजे बाहेरून सोसायटीच्या नेटवर्कमध्ये शिरायचा कुलूपबंद खासगी रस्ता. बाहेरून कॅमेरा बघायचा तर आधी ते सुरू करावं लागतं, आणि त्या एका जादा बटणाबद्दल काका मला दर भेटीत ऐकवतात.