एफबीग्रॅब आणि एक्सव्हीएफबी: दोघांच्या पोटात फ्रेमबफर

"दादा, एफबीग्रॅब चालवलं, पण फोटोत माझं टर्मिनलच नाही. नुसता लॉगिन प्रॉम्प्ट आलाय."

टीममधल्या नव्या पोराचा मेसेज. एफबीग्रॅब म्हणजे लिनक्स मशीनच्या पडद्याचा फोटो काढणारी कमांड. स्वारी हिंजवडीत, सर्व्हर भोसरीतल्या एका कारखान्यात, कुलपाच्या कपाटात. मधे एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर कमांड चालवायची वाट. फोटो चुकला नव्हता, कपाटातल्या मॉनिटरवर होतं तेच त्याला मिळालं होतं. एसएसएचमधून नुसती अक्षरं येतात, ती रंगवतो आपला लॅपटॉप. सर्व्हरच्या पडद्याला त्याचा पत्ताही नसतो.

डेस्कटॉप नसलेल्या लिनक्सवर स्क्रीनशॉट कसा घ्यायचा हे शोधायला गेलं की एफबीग्रॅब आणि एक्सव्हीएफबी शेजारीशेजारी भेटतात. दोन्ही नावांत 'एफबी', म्हणजे फ्रेमबफर: पडद्यावरचं चित्र ज्यात साठतं ती मेमरी. पण एकाचं काम घातलेल्या मांडवाचा फोटो काढणं, दुसऱ्याचं मांडवच घालणं. एक्सव्हीएफबी स्वतः फोटो काढतच नाही, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

एफबीग्रॅब वाचतं '/डेव्ह/एफबी०' ही फाइल. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मशीनच्या खऱ्या पडद्याची मेमरी तिथे उघडी करून ठेवतो. १९२० × १०८० चा पडदा आणि पिक्सेलमागे ४ बाइट धरले तर ८२,९४,४०० बाइट. नुसत्या कॅटनेही (फाइल जशीच्या तशी ओतणारी कमांड) ते उचलता येतात, एफबीग्रॅब त्यांची पीएनजी करून देतं, इतकंच. रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, तरी हवं, नाहीतर 'व्हिडिओ' ग्रुपमध्ये नाव हवं. त्याच मशीनवर ग्राफिकल डेस्कटॉप चालू असेल तर मात्र भरवसा नाही: तो हल्ली बहुधा वेगळ्याच बफरमध्ये रंगवतो आणि हाती जुना कन्सोल (नुसत्या अक्षरांचा पडदा) किंवा काळा चौकोन येतो. आणि कन्सोलवरची नुसती अक्षरंच हवी असतील तर चित्र कशाला, '/डेव्ह/व्हीसीएस१' कॅट करा.

एक्सव्हीएफबी हा अख्खा एक्स सर्व्हर (लिनक्सवर खिडक्या रंगवणारा प्रोग्रॅम) आहे, फक्त त्याचा पडदा रॅममध्ये. ना कार्ड लागतं, ना मॉनिटर. त्याला डिस्प्ले नंबर द्यायचा (रिवाजाने ९९), पडदा १२८० × १०२४, २४ बिटचा सांगायचा, 'डिस्प्ले' व्हेरिएबलमध्ये तोच नंबर घालून आपला प्रोग्रॅम सोडायचा. मग फोटोसाठी तिसरंच कोणीतरी: इमेजमॅजिक या चित्रांच्या टूलमधली इम्पोर्ट कमांड, रूट विंडोवर, म्हणजे अख्ख्या पडद्यावर. इथे घाई नडते. प्रोग्रॅम सुरू झाला म्हणजे विंडो रंगली असं नाही, दोनतीन सेकंदांचा स्लीप, म्हणजे थांबा, न टाकल्यास काळाकुट्ट फोटो येऊ शकतो. खिडक्या मांडणारा विंडो मॅनेजर नसल्यामुळे खिडकीला टायटल बार नसतो, ती वरच्या डाव्या कोपऱ्यात चिकटलेली दिसते. बिघडलं काही नाही. पडदा लावून प्रोग्रॅम सोडणं एका फटक्यात करणारं एक्सव्हीएफबी-रन वापरलंत तर प्रोग्रॅम संपताच ते पडदाही गुंडाळतं, म्हणून फोटोची कमांड त्याच स्क्रिप्टमध्ये हवी.

नुसतं वेबपेज टिपायचं असेल तर या दोघांच्याही वाटेला जाऊ नका. २०१७ पासून क्रोमला हेडलेस, म्हणजे बिनपडद्याचा, मोड आहे, स्क्रीनशॉटचा पर्याय त्यातच.

आमच्या पोराला खरं तर हवा होता कारखान्यातल्या एका जुन्या रिपोर्ट प्रोग्रॅमचा आलेख, आणि तो प्रोग्रॅम डिस्प्ले सापडत नाही म्हणून उघडायलाच तयार नव्हता. म्हणजे मांडवच नव्हता. एक्सव्हीएफबी लावलं, चित्र आलं, पण मराठी मथळ्यांच्या जागी रिकामे चौकोन. सर्व्हरवर देवनागरी फाँट कोण टाकतो? फाँटची यादी देणाऱ्या एफसी-लिस्टला भाषा 'एमआर' (मराठी) सांगून विचारलं तर यादी कोरी. लोहित हा देवनागरी फाँट टाकला आणि 'दुसरी पाळी' वाचता आली.

तो आधीचा चुकीचा फोटो मी मोठा करून पाहिला. लॉगिन प्रॉम्प्टच्या वर कर्नलने डिस्क वाचता येत नसल्याच्या सात ओळी लिहून ठेवल्या होत्या. कपाट उघडून त्या मॉनिटरकडे कोणी बघतच नव्हतं. डिस्क त्याच आठवड्यात बदलली.